माळ्यावरचा कंदील जर्मन तर नाही? असा ओळखा

दिवाळीची साफसफाई सुरू आहे. माळ्यावरून जुनी ट्रंक, पितळी स्टोव्ह आणि काजळीनं काळा झालेला एक कंदील खाली येतो. गावाकडचं घर बंद करताना आजीनं तो सोबत दिलेला असतो. दिल्ली २०१४ मध्ये केरोसीनमुक्त जाहीर झाली, आता त्याचा काय उपयोग, असं म्हणत तुम्ही कबाडीवाल्याला हाक मारायला निघता. जरा थांबा. आधी त्या कंदिलावर काय लिहिलंय ते वाचा.

नाव कुठे शोधाल?

मऊ, कोरड्या फडक्यानं धूळ पुसा. तेलाच्या टाकीचं झाकण, वरची टोपी, बाजूच्या दोन नळ्या, वात वरखाली करायची चावी आणि काच या पाच जागा नीट बघा. अक्षरं पत्र्यावर ठोकलेली असतात, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ती उठून दिसतात.

‘फॉयरहांड’ म्हणजे जर्मनमध्ये अग्नीचा हात. हर्मान नीअर यांच्या कारखान्याचं हे नाव. हा कारखाना सॅक्सनी प्रांतातल्या बायरफेल्ड गावात होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते गाव पूर्व जर्मनीत गेलं आणि फॉयरहांडचं काम पश्चिम जर्मनीतल्या होहेनलॉकश्टेटला सुरू झालं. म्हणून फॉयरहांडसोबत बायरफेल्ड हे नाव असेल तर कंदील बहुधा युद्धापूर्वीचा. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलं असेल तर तो नक्कीच युद्धानंतरचा.

‘बॅट’ हे नाव आणि वटवाघूळ दिसलं तर तो एर्फुर्ट शहरातल्या स्ट्यूबगेन कंपनीचा.

‘डी. आर. पी.’ किंवा ‘डी. आर. जी. एम.’ ही अक्षरं जर्मन साम्राज्याच्या काळापासून चालत आलेल्या पेटंट आणि नोंदणीची आहेत. दुसऱ्या महायुद्धाबरोबर ती बंद झाली. ती दिसली तर वस्तू जुनी असण्याची शक्यता खूप वाढते.

फक्त ‘मेड इन जर्मनी’ वाचून मात्र हुरळून जाऊ नका. ब्रिटनच्या १८८७ च्या कायद्यानंतर हे शब्द जर्मन मालावर सर्रास येऊ लागले आणि आजही येतात. फॉयरहांडचे कंदीलही आज नवे मिळतात.

जुना म्हणजे दुर्मीळ नव्हे

लाखोंनी बनलेला कंदील जुना असला तरी दुर्मीळ नसतो. टाकी, बर्नर, टोपी आणि काच हे सगळं मूळचंच असलेला कंदील मात्र क्वचित सापडतो. काच सगळ्यात आधी फुटते, म्हणून बहुतेक कंदिलांना नंतर दुसरी काच बसवलेली असते. काचेवरचं आणि टाकीवरचं नाव जुळलं, तर तुमच्या हातात खरंच काहीतरी खास आहे.

पंप मारून पेटवायची गॅसबत्ती हा वेगळा प्रकार. प्रसिद्ध ‘पेट्रोमॅक्स’ बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ कंपनीची, पण आपल्याकडे तशा दिसणाऱ्या सगळ्याच बत्त्यांना लोक पेट्रोमॅक्स म्हणतात. तिच्यातल्या जुन्या जाळीत थोरियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असू शकतो. तिची पूड उडवू नका आणि मुलांच्या हाती देऊ नका.

बाजारात जाताना

जामा मशीद, लाल किल्ल्याच्या परिसरातला रविवारचा कबाडी बाजार किंवा सुंदर नगरची अँटिक दुकानं, कुठेही जा, खिशात छोटं चुंबक ठेवा. वाऱ्यात टिकणारे हे जर्मन कंदील बहुतेक पोलादी पत्र्याचे असायचे, त्यांना चुंबक चिकटतं. चकचकीत पितळी ‘जर्मन जहाजाचा कंदील’ दिसला तर सावध व्हा. असे शोभेचे कंदील मुरादाबादसारख्या ठिकाणी आजही बनतात. वरून स्क्रूनं बसवलेली नावाची पट्टी आणि सगळीकडे सारखाच दिसणारा गंज हीसुद्धा संशयाची कारणं.

आणखी एक लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षं जुन्या वस्तू पुरावशेष ठरू शकतात आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. परदेशातल्या ग्राहकाला ऑनलाइन विकण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.

घासू नका

चिंच, राख, सँडपेपर यांपैकी काहीही लावू नका. घासताना गंजाबरोबर मुलामा आणि अक्षरंही जातात आणि कंदिलाची ओळखच पुसली जाते. काच कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, पत्रा कोरडा पुसा. हॉलमध्ये ठेवायचा असेल तर आत छोटा एलईडी दिवा पुरे.

आणि कंदिलावर जर्मन नावाऐवजी ‘प्रभाकर’ निघालं तर? निराश होऊ नका. तो कराडजवळच्या ओगलेवाडीचा. परदेशी कंदिलांच्या त्या काळात १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्यानं हा स्वदेशी कंदील महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचवला. जर्मन कंदील बाजारात पुन्हा मिळेल, आजीच्या हातचा मिळणार नाही. आज रात्रीच फोन करून घरातल्या मोठ्यांना विचारा, हा कुठून आला, कोण पेटवायचं? उत्तर एका चिठ्ठीवर लिहा आणि कंदिलाच्या कडीला बांधून ठेवा.