व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर निवडताना

व्हॉल्व्हच्या रेडिओचा आवाज अधिक गोड होता, असे सांगणारी मंडळी आपल्याला अजूनही भेटतात. तसा आवाज घरी हवा असेल, तर देशात छोट्या प्रमाणावर बनणारे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर मिळतात. मात्र पैसे मोजण्यापूर्वी त्यांतील कोणता भाग काय करतो, हे समजून घेतलेले बरे.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडून धनाग्राकडे जातात. वाटेत एक जाळी असते. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ही युक्ती केली. जाळीवरील विद्युतदाब किंचित बदलला, की प्रवाह बराच बदलतो. पण हा बदल नेमका समप्रमाणात होत नाही. त्यामुळे मूळ स्वरात दुप्पट वारंवारतेचा स्वर थोडासा मिसळतो. जणू मध्य 'सा'बरोबर तार 'सा'. कानाला तो खुपत नाही. म्हणजे हा गोडवा खरे तर एक विकृतीच आहे, पण सुखद!

आता वॅटचा प्रश्न. ईएल ८४ या जातीचा एक व्हॉल्व्ह सुमारे ५ वॅट देतो. हे पुरेल का? १ वॅट दिल्यावर १ मीटर अंतरावर ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर ५ वॅटला ९७ डेसिबल देईल. घरात आपण साधारण ७० ते ७५ डेसिबलने ऐकतो. शिवाय शक्ती दुप्पट केली, तरी वाढ फक्त ३ डेसिबलची. म्हणून जास्त वॅटसाठी पैसे देण्याऐवजी जास्त संवेदनशील स्पीकर घ्यावा.

खरी किंमत असते ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. ईएल ८४ ला सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो. स्पीकर असतो ८ ओहमचा. भारांचे गुणोत्तर ६५०, म्हणून वेढ्यांचे गुणोत्तर त्याचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २५.५. खालचे स्वर नीट यायचे, तर गाभ्यात पुरेसे लोखंड हवे. हलका ट्रान्सफॉर्मर तबल्याच्या डग्ग्याला न्याय देत नाही.

दुसरा ट्रान्सफॉर्मर विजेच्या बाजूचा. इंदापूर तालुक्यातील अंथुर्ण्यासारख्या ऊसपट्ट्यातील गावात पंप सुरू झाले की दाब उतरतो, बंद झाले की चढतो. ईएल ८४ च्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट लागतात आणि साधारण १० टक्के फरक चालतो. २३० ऐवजी २६० व्होल्ट आले, तर फिलामेंटला ७.१ व्होल्ट मिळतात, म्हणजे १३ टक्के जास्त. व्हॉल्व्हचे आयुष्य अशाने घटते. तेव्हा ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टसाठी गुंडाळलेला आहे का, हे विचारावे आणि चांगला स्टॅबिलायझर जोडावा.

'देशी' शब्दाचा अर्थही तपासावा. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. ते उत्पादन केव्हाच थांबले. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, चीन व स्लोव्हाकियातून येतात. देशी असतो तो सांगाडा, जुळणी आणि ट्रान्सफॉर्मर. आमच्या मते हेच महत्त्वाचे. व्हॉल्व्ह खोबणीतून काढून बदलता येतो. जळलेला ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस मात्र जवळपास हवा. म्हणून सहज मिळणाऱ्या जातीचे व्हॉल्व्ह वापरणारा, मंडलाची आकृती देणारा कारागीर निवडावा.

एक इशारा महत्त्वाचा. आत ३०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये त्या दाबाला ४.५ ज्यूल ऊर्जा साठते आणि बटण बंद केल्यावरही काही काळ टिकू शकते. विद्यार्थ्यांनी झाकण उघडू नये. व्हॉल्व्हवर जाळीदार आवरण आणि तीन पिनांचा, अर्थिंग असलेला प्लग नसेल, तर तो ॲम्प्लिफायर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

वर्गात करण्याजोगे काम वेगळे आहे. स्टॅबिलायझरवरील मापकावर येणाऱ्या विजेचा दाब दिसत असेल, तर आठवडाभर दर तासाला त्याची नोंद करावी व आलेख काढावा. आपल्या गावात स्टॅबिलायझर किती फरक सांभाळणारा हवा, ते त्यावरून कळेल.