बारा ऑक्टोबर आणि शरदातील वादळे

दिल्लीच्या नैर्ऋत्येस, पालम विमानतळालगत वसलेल्या द्वारका या उपनगरात बारा ऑक्टोबरचा दिवस उजाडतो तो बहुधा निरभ्र. मोसमी वारे सप्टेंबरअखेर माघारी फिरलेले असतात. पहाटे किंचित गारवा असतो, आणि नवरात्र-दसऱ्याच्या दिवसांची लगबग चाललेली असते. शरद ऋतू म्हणजे शांतता, असा समज उत्तरेत सहज व्हावा. परंतु हजार-दीड हजार किलोमीटरांवरील बंगालच्या उपसागराची कथा अगदी निराळी आहे.

१२ ऑक्टोबर २०१३ रोजी, ऐन नवरात्रात, ‘फायलिन’ हे चक्रीवादळ ओडिशातील गोपाळपूरजवळ किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक होता. पुढल्याच वर्षी, त्याच तारखेस, ‘हुदहुद’ने भर दुपारी विशाखापट्टणम गाठले. २०१९ च्या १२ ऑक्टोबरला ‘हागिबिस’ वादळ जपानवर कोसळले आणि हाकोने येथे एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस झाला. दिल्लीत सबंध वर्षाची सरासरीही एवढी नसते. १९६२ साली याच दिवशी अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील ऑरेगन व वॉशिंग्टन राज्यांत वादळाने अरण्येच्या अरण्ये आडवी केली, आणि चाळीसांहून अधिक माणसे दगावली.

मग ही तारीखच अशुभ मानावी काय? मुळीच नाही. तारखांचा मेळ हा योगायोग होय. ऋतू मात्र योगायोग नव्हे. उत्तर गोलार्धातील सागर उन्हाळाभर उष्णता साठवितो आणि ती सावकाश सोडतो. सूर्य दक्षिणेकडे कलला तरी उपसागराचे पाणी ऑक्टोबरात उबदारच असते. भर पावसाळ्यात खालचे वारे एका दिशेने व वरचे दुसऱ्या दिशेने जोराने वाहतात. त्यामुळे वादळाचा उभा स्तंभ बांधला जाण्याआधीच मोडतो. मोसमी वारे ओसरले की ही ओढाताण मंदावते, कमी दाबाचा पट्टा दक्षिणेस उपसागरावर सरकतो, आणि वादळास हवे ते सारे जुळून येते.

दिल्लीचा या कथेशी संबंध आहे तो निराळ्या प्रकारचा. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात कलकत्ता व परिसरात सुमारे साठ हजार माणसे मेली. पुढे दुष्काळही पडले, आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याचे मुख्यालय कलकत्त्याहून सिमला, तेथून पुणे आणि १९४४ मध्ये दिल्ली असे हलत आले. या खात्याच्या कार्याचे मोल ओडिशात दिसले. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसांचा बळी गेला होता. ‘फायलिन’च्या वेळी वेळेवर इशारा मिळाला, जवळजवळ दहा लाख लोकांना आधीच हलविण्यात आले, आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली.

तथापि किनारा ओलांडला म्हणजे वादळ संपले, असे समजू नये. ‘हुदहुद’चा अवशेष उत्तरेस सरकला आणि १४ ऑक्टोबर २०१४ रोजी नेपाळातील अन्नपूर्णेच्या परिसरात प्रचंड हिमवर्षाव झाला. समुद्रापासून इतक्या दूर, गिर्यारोहणाच्या ऐन हंगामात, चाळीसांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पैकी अनेकांना येणाऱ्या संकटाची कल्पनाच नव्हती. हवामानाचा अंदाज नुसता अचूक असून भागत नाही. ज्याच्या डोक्यावर ते आकाश आहे त्याच्या कानी तो वेळेवर पडावा लागतो.