‘तुझ्या जबाबदारीवर चढ’: बागकामाचा ठेका, कायदा आणि विमा

(आटगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

मित्रहो, तुमच्यातले बरेच जण पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे, मुंबईला सोसायट्यांच्या बागा सांभाळायला जातात. काही जण आता नुसते माळी राहिले नाहीत, ठेकेदार झालेत. हाताखाली चार-सहा माणसं, एक टेंपो, नर्सरीतून रोपं. अशा धंद्याला कायद्याने काय लागतं आणि विमा कोणता लागतो, हा आजचा विषय.

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने हा विषय का घ्यावा? कारण या सगळ्या कागदांच्या मुळाशी नीतिशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे: नुकसान झालं, तर ते सोसायचं कोणी?

आधी सोपे कागद उरकू. उद्यम नोंदणी मोफत होते. दुकाने व आस्थापना कायदा, 2017 खाली, माणसं किती त्यावर, नोंदणी किंवा नुसती सूचना द्यावी लागते. जीएसटीत जिवंत रोपांवर कर नाही. पण बाग सांभाळण्याची मजुरी ही सेवा आहे, तिच्यावर आहे. सेवेसाठी वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की नोंदणी बंधनकारक. म्हणून बिलात रोपं वेगळी आणि मजुरी वेगळी लिहा.

आता झाडं. शहरात 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात ‘झाड तोडणे’ याचा अर्थ मोठा केलाय: जाळणं, कापणं, कोणत्याही प्रकारे इजा करणं, सगळं त्यात आलं. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून जास्तीचं संरक्षण मिळालं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, “अहो, फांदीच तर आहे, उतरवा.” उतरवू नका. वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीची प्रत खिशात आली की मग कोयता हातात घ्या. फौजदारी झाली तर कापणारा हातही त्यात येतो.

आता मुख्य गोष्ट. नारळावर माणूस चढवताना आपण काय म्हणतो? “बघ हां दादा, तुझ्या जबाबदारीवर चढ.” काही जण कागदावर अंगठाही घेतात. या कागदाची कायद्यात किंमत शून्य. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार मुळातच रद्दबातल असतो.

1923 पासून आपल्याकडे कामगार भरपाईचा कायदा होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली. तत्त्व तेच राहिलं. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला, तर मालकाने भरपाई द्यायची. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. रोजंदारीवरचा माणूसही यात येतो. “त्याने बेल्टच लावला नव्हता”, “तो प्यायलेला होता” ही कारणं किरकोळ दुखापतीत कदाचित चालतील; मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पूर्ण अपंग झाला, तर चालत नाहीत.

आकडा किती होतो बघा. कामगाराचं वय 40, महिन्याची मजुरी 14,000. मृत्यू झाल्यास मजुरीच्या निम्मे, म्हणजे 7,000, गुणिले त्या वयाचा गुणक 184.17. झाले 12,89,190 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत, तर वर व्याज आणि दंड. आपल्यापैकी किती जणांच्या घरात एवढा पैसा आहे? नसेल, तर टेंपो जाईल, जमिनीचा तुकडा जाईल, आणि तरीही त्या बाईला पूर्ण पैसे मिळणार नाहीत.

इथे विमा येतो. विमा म्हणजे आपली जबाबदारी झटकणं नव्हे. जी जबाबदारी एकट्याला पेलत नाही, ती पेलण्याची ती सोय आहे. दोन पॉलिस्या लक्षात ठेवा. पहिली कामगार भरपाईची. तिच्यात माणसांची संख्या, मजुरी आणि उंचीवरचं काम खरं-खरं लिहा. हप्ता वाचवायला सहाचे तीन केले, तर दाव्याच्या वेळी गोची होते. दुसरी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीची: फांदी कुणाच्या गाडीवर पडली, दगड उडून काच फुटली, कुणी जखमी झालं, त्यासाठी. 1991 चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा मात्र घातक रसायनांच्या अपघातांसाठी आहे. नावाच्या सारखेपणाने फसू नका.

व्याख्यानानंतर आलेले दोन प्रश्न:

“सर, माणसांचा वीस रुपयांचा विमा काढलाय. तो पुरत नाही का?”

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चांगलीच आहे. वर्षाला 20 रुपये, अपघाती मृत्यूला 2 लाख. सगळ्यांचा काढाच. पण तो कामगाराचा स्वतःचा विमा झाला. तुमचं देणं त्याने फिटत नाही. पुढे माणसं दहा झाली, की ईएसआयचीही चौकशी करा.

“आम्ही मोठ्या ठेकेदाराकडून काम घेतो. मग जबाबदार कोण?”

दोघंही. त्याने आपल्याच धंद्यातलं काम तुम्हाला दिलं असेल, तर कामगार त्याच्याकडूनही भरपाई मागू शकतो. पण तो नंतर ती तुमच्याकडून वसूल करू शकतो. म्हणून साखळीत आपण शेवटचे आहोत असं समजूनच पॉलिसी घ्या.

एवढंच सांगतो. काल तुम्ही चढणारे होतात, आज चढवणारे झालात. कायदा तुमच्याकडून फार मोठं काही मागत नाही. वर गेलेला माणूस खाली आला नाही, तर त्याच्या घरी काय पोहोचेल, याचं उत्तर तो चढायच्या आधी तयार ठेवा. आपल्या शेतातली भात कापणी उरकली की शहरात छाटणीची कामं सुरू होतात. त्याच्या आधी दोन्ही पॉलिस्यांची चौकशी करून या.