मोती एवढा का खाजवतो?

रात्री सगळं घर गाढ झोपलेलं असतं. तेवढ्यात पडवीतून आवाज येतो, टक् टक् टक् टक्! घाबरू नका दोस्तांनो, चोर नाही की भूतही नाही. तो तुमचा मोती आहे. मागचा पाय कानामागे नेऊन तो जोरजोरात खाजवतोय आणि पाय फरशीवर आपटतोय. बाबा कूस बदलतात आणि म्हणतात, "रविवारी याला साबण लावून चांगला घासा रे!"

मग रविवारी मोतीची आंघोळ. नळाखाली उभं करून तुमच्याच अंगाचा साबण, वर ताईचा शांपू. दोन दिवस मोती झकास दिसतो. तिसऱ्या रात्री पुन्हा टक् टक् सुरू!

असं का होतं? एक तर कुत्र्याची वरची कातडी आपल्यापेक्षा बरीच पातळ असते. दुसरं म्हणजे, विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही आम्ल आणि उदासीन हे शब्द वाचले असतील बघा. आपली त्वचा किंचित आम्ल असते, कुत्र्याची जवळजवळ उदासीन. त्यामुळे आपल्यासाठी बनवलेला साबण त्याला मानवत नाही. अंगावरचा तेलकटपणा निघून जातो, कातडी कोरडी पडते आणि बिचारा आणखीच खाजवतो. आणि मुळात खाज ज्या कारणाने सुटली ते कारण जागच्या जागीच राहतं. ते आधी शोधायला हवं.

चला तर, आपण गुप्तहेर होऊ. एक पांढरा कागद थोडा ओला करा. मोतीला त्याच्यावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवरचे केस हाताने उलटे विंचरा. काळे बारीक कण पडतील. ते तसेच काळे राहिले तर माती समजा. पण त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. म्हणजे मोतीचंच पचलेलं रक्त! पिसू दिसली नाही तरी चोर घरात आहे हे नक्की. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची अ‍ॅलर्जी असते. मोजून चार-दोन पिसवा चावल्या तरी ते शेपटीजवळचे केस चावून चावून काढतात.

गंमत अशी की आपल्याकडच्या कुत्र्यांवर जी पिसू सर्रास सापडते, तिचं शास्त्रीय नाव मांजराच्या पिसवेचं आहे. तिला कुत्रा काय, मांजर काय, दोन्ही सारखेच. ती अंडी घालते अंगावरच, पण ती घरंगळून गोणपाटावर, सतरंजीवर, फरशीच्या फटीत पडतात. तिथेच अळी होते, कोश होतो. कोशातली पिसू कित्येक आठवडे, कधी कधी महिनेसुद्धा, गप्प बसून राहते. ऊब आणि पावलांची धडधड जाणवली की टुणकन बाहेर! म्हणून तर मे महिन्यात मामाच्या गावाला जाऊन परत आलं, कुलूप उघडलं, की पायांना कडाकड चावे बसतात. तेव्हा नुसत्या मोतीला औषध लावून भागत नाही. त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवायचं आणि घराचे कोपरे झाडून काढायचे. तेही एकदा नाही, काही आठवडे.

गोचीड मात्र दिसते. कानाच्या आत, मानेखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यात ती घट्ट चिकटलेली असते. तिला काडीने चटका देऊ नका आणि तिच्यावर रॉकेलही ओतू नका. मोठ्या माणसांना चिमटा घेऊन अगदी कातडीलगत पकडायला सांगा आणि सरळ ओढायला सांगा. बोटांनी चिरडायची तर मुळीच नाही. गोचिडीमुळे कुत्र्याला ताप येतो, त्याचं खाणं सुटतं, हिरड्या पांढुरक्या होतात. असं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता डॉक्टरांकडे न्यायचं.

आता माझी गोष्ट सांगतो. सहावीत असताना आमच्या वाड्यात एक पिल्लू आलं, टिपू. महिन्याभरात त्याच्या कानांच्या कडांवरचे केस गेले, मग कोपरांवरचे, मग पोटावरचे. कातडी जाड आणि खपलीखपलीची झाली. लूत! वाड्यातले एक काका म्हणाले, "पोत्यात घाला आणि नदीपलीकडे सोडून या. पोरांना लागेल." मी रडलो. शेवटी आईने आठ दिवसांची मुदत दिली.

कुणीतरी सांगितलं, गॅरेजमधलं जळकं ऑइल लावा, हमखास गुण येतो. लावलं. लावणारा मीच. टिपूने ते चाटलं, ओकला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची कातडी लालभडक सोललेली. तेव्हा कुठे आम्ही त्याला टोपलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. नाव गुरांचं असलं तरी तिथे कुत्री-मांजरंही तपासतात बरं का!

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ऑइल कुणी लावलं?" मी आईच्या मागे सरकलो. मग त्यांनी टिपूच्या कानाची कड बोटांनी चोळली. त्याबरोबर त्याचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला! लुतीची ती एक खूण असते. त्यांनी पात्याने कातडी हलकेच खरवडली, काचेवर तेलाच्या थेंबात ठेवली आणि मला सूक्ष्मदर्शकातून बघ म्हणाले. आत एक गोल, आखूड पायांचा किडा हलत होता. अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान, पण कातडीत बोगदे खणणारा. माणसाची खरूजही अशाच किड्याने होते, हे १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी दाखवून दिलं होतं. आणि आम्ही बसलो होतो ऑइल चोपडत.

डॉक्टरांनी ऑइल धुऊन काढलं, इंजेक्शन दिलं आणि दर आठवड्याला बोलावलं. माझ्या हातांवरही लाल पुटकुळ्या आल्या होत्या. आमच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आणि टिपू बरा होत गेला तशी माझीही खाज थांबली. कुत्र्याच्या लुतीचा किडा माणसाला चावतो, खाजवतो, पण माणसाच्या अंगावर फार काळ संसार थाटत नाही. आईची आठ दिवसांची मुदत कधी संपली हे कुणी विचारलंच नाही. दोन महिन्यांत टिपूच्या अंगावर तांबूस लव आली आणि काका त्याला पोळी घालू लागले.

लुतीचा आणखी एक प्रकार असतो. त्याचा किडा केसांच्या मुळाशी राहतो, पिल्लाला आईकडून मिळतो आणि माणसाला लागत नाही. वरून दोन्ही सारखेच दिसू शकतात, म्हणून नुसतं बघून औषध देता येत नाही. औषधंही वेगवेगळी. या कामी येणारं आयव्हरमेक्टिन जपानमधल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून मिळालं, आणि त्यासाठी ओमुरा आणि कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल मिळालं. पण तेच औषध कोली जातीच्या काही कुत्र्यांना चुकीच्या मात्रेत दिलं तर जीव घेऊ शकतं. तेव्हा शेजाऱ्यांच्या कुत्र्याची उरलेली बाटली आपल्या मोतीला नको.

आई-बाबांनो, हे जरा तुमच्यासाठी. घरात मांजर असेल तर विशेष सांभाळा. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या पुष्कळ औषधांत परमेथ्रिन असतं. मांजराच्या यकृताला ते निकामी करता येत नाही. थोडं लागलं तरी ते थरथरतं, त्याला झटके येतात. फिनेलही तसंच घातक, आणि मांजर तर अंग चाटतच असतं. चाटण्यामुळेच त्याच्या पिसवा सापडत नाहीत. पोटावरचे केस मात्र विरळ होतात.

आणि मांजराच्या तोंडावर किंवा कानावर गोल टक्कल पडलं असेल, तुटके केस आणि कोंडा असेल, तर गजकर्णाची शंका घ्या. ती बुरशी आहे, माणसांना, मुलांना तर सहज होते. मनीला कुशीत घेऊन झोपणाऱ्या चिंगीच्या मानेवर तसाच गोल उठला तर दोघींनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या. फणी, पांघरुणं वेगळी ठेवा. औषध आठवडेच्या आठवडे चालतं. केस उगवले म्हणून मध्येच सोडलं की बुरशी परत येते. मनीला घराबाहेर काढायची मात्र गरज नाही.

रस्त्यावरचं लुतीचं कुत्रं दिसलं तर, मुलांनो, स्वतः हात लावू नका. दुखणारं जनावर चावतं. मोठ्यांना सांगा, तेच दवाखान्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवतील.

तर मग ओल्या कागदाचा प्रयोग या रविवारी करून बघाच. डाग तांबूस आला की काळाच राहिला, हे आम्हाला पत्राने कळवा. मोतीचं वय आणि रंगही लिहा.