उसळी जिरते कुठे?

गिरगावातल्या एखाद्या वाडीत जुनी मारुती ८०० अजून उभी दिसते. मालकाला विचारून बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवा, अंगाचा भार टाकून गाडी दाबा आणि हात झटकन काढून घ्या. कोपरा वर येऊन, जागेपेक्षा किंचित वर जाऊन तिथंच स्थिरावला, तर शॉकअप ठणठणीत. वर-खाली डुलतच राहिला, तर गेले. नाक्यावरचा मेकॅनिकही हीच परीक्षा घेतो आणि पुढच्याच वाक्यात खर्चाचा आकडा सांगतो.

मला मात्र या परीक्षेत नापास झालेली गाडीच जास्त आवडते, कारण ती डुलताना एक गंमत उघड करते. गाडीचं वजन आलं की स्प्रिंग मूळ उंचीपासून खाली दबते. समजा १५ सेंटिमीटर दबली. आता तेवढ्याच लांबीच्या दोऱ्याला एक नट बांधून झुलवा. ढोबळमानानं, नट ज्या लयीत झुलेल त्याच लयीत गाडी डुलेल, मिनिटाला सुमारे ७७ वेळा. गाडी साडेसहाशे किलोची असो वा सहा टनांची, स्प्रिंग तेवढीच दबत असेल तर लय तीच राहते. वस्तुमान आणि त्याला जागेवर परत ओढणारा जोर यांचं गुणोत्तर दोन्हीकडे सारखंच निघतं. म्हणजे गाडीखाली न शिरता, नुसत्या दोऱ्या-नटावर तिचा ठेका कळतो!

प्रवासी गाड्यांच्या स्प्रिंगा साधारण मिनिटाला ६० ते ९० हेलकावे या बेतानं निवडतात. रमतगमत चालताना आपलं अंग याच सुमाराच्या लयीत वर-खाली होतं, त्यामुळे शरीराला ती खुपत नाही. स्प्रिंग फार कडक करून हेलकावे सेकंदाला ४ ते ८ पर्यंत नेले, तर पोटातले अवयवच त्या तालावर हलू लागतात आणि परळहून दादरला पोचेपर्यंत जीव नकोसा होतो.

पण मऊ स्प्रिंगेची एक खोड असते. खड्ड्यात घेतलेली ऊर्जा ती जवळजवळ पूर्ण परत करते, मग पुन्हा घेते, पुन्हा परत करते. ही खोड जिरवण्याचं काम शॉकअपचं. आत एक नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं व झडपा. बादलीतल्या पाण्यात पंजा पसरून हळू फिरवला तर पाणी वाट देतं, जोरात फिरवला तर अडवतं. तेलही तेच करतं. गाडीचं वजन पेलायला शॉकअपचा जवळपास काही उपयोग नाही, ते स्प्रिंगेचं काम. शॉकअप फक्त वेगाला विरोध करतो.

मग ती उसळी जाते कुठे? उष्णतेत. एका चाकावर २०० किलो भार धरू आणि तो कोपरा ५ सेंटिमीटर खाली आला म्हणू. ही ऊर्जा झाली सुमारे १०० ज्यूल. शॉकअपमध्ये २०० ग्रॅम तेल असेल आणि सगळी ऊर्जा त्यातच गेली, तर तेल जेमतेम पाव अंशानं तापेल. पण मुंबईत खड्डा एकटा येत नाही. त्याच्यामागून खचलेला पेव्हर ब्लॉक येतो, गटाराचं झाकण येतं, गतिरोधक येतो. म्हणून जुने मेकॅनिक खराब रस्त्यावर गाडी फिरवून आणतात आणि चारही शॉकअपना हात लावून पाहतात. जो गार लागतो तो मेलेला, कारण त्यानं काहीच काम केलेलं नसतं. एवढी सुंदर भौतिकशास्त्राची चाचणी मी शाळेच्या प्रयोगशाळेत कधी पाहिली नाही.

आणखी एक नाजूक गोष्ट. शॉकअप दोन्ही दिशांना सारखा कडक नसतो. दाबला जाताना तो सहसा मऊ असतो, ताणला जाताना पुष्कळ कडक. उंचवटा आला की चाकाला पटकन वर जाऊ द्यायचं आणि दबलेली स्प्रिंग सुटू लागली की तिला धरून ठेवायचं. चाकाची स्वतःचीही एक थरथर असते, सेकंदाला दहाएक वेळा. शॉकअप थकला की ती आवरत नाही आणि टायर क्षणभर रस्ता सोडतो. हवेत असलेल्या टायरला ब्रेक लागून उपयोग नाही. ‘जरा हेलकावे बसतात, चालायचंच’ असं म्हणत वर्षं काढणाऱ्यांना म्हणूनच मी विरोध करतो. माणसाची पाठ वाचवण्यापेक्षा टायर जमिनीवर टेकलेला ठेवणं हे शॉकअपचं मोठं काम आहे.

दक्षिण मुंबईत फिरणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्यांना शॉकअप नव्हते. त्यांना पाटे होते, एकावर एक रचलेले. पाटे वाकताना एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच बरीच उसळी संपते. गुंडाळीच्या स्प्रिंगेत घासायला काही नाही, म्हणून तिला तेलाची जोड लागते. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची पद्मिनी, आपली काळी-पिवळी, या दोन्ही जमान्यांची होती: पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा, मागे पाटे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. भारतात शॉकअप बनवणाऱ्या गॅब्रिएल इंडियाचा पहिला कारखानाही मुंबईतलाच, मुलुंडचा, १९६१ सालचा. नाव आलं अमेरिकेतून. तिथली मूळ कंपनी आधी मोटारींचे सुरेल भोंगे बनवायची, म्हणून तिला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव!

मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना स्ट्रट असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना १९५० मध्ये ब्रिटनमधल्या फोर्ड कॉन्सलवर आली. शॉकअप आणि स्प्रिंग एकात एक बसवून त्यांनाच चाक उभं धरायला लावायचं, अशी ती युक्ती. वरचे सुटे आर्म गेले, जागा वाचली. शॉकअप आता गाडीचं हाडही झाला.

शॉकअप घरी बदलायचा, तर स्ट्रट आणि सुटा शॉकअप यांतला फरक आधी लक्षात घ्या. ज्या गाडीत मागचा शॉकअप स्प्रिंगेपासून वेगळा आहे, तिथं वाडीतल्या सपाट फरशीवर, रविवारी सकाळी, काम होऊ शकतं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. गाडी घोडीवर टेकवायची. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये. मागच्या एक्सललाही वेगळा टेकू द्यायचा, कारण एक्सल किती खाली लोंबावा हे बऱ्याचदा शॉकअपच ठरवतो. तो काढला की एक्सल खाली येतो आणि स्प्रिंग निसटू शकते. बोल्ट गंजलेले असणारच. समुद्राची खारी हवा आणि पावसाळ्यात हिंदमाता चौकातलं गुडघाभर पाणी यांनी ते जखडलेले असतात, म्हणून गंज सोडवणारं तेल आदल्या रात्रीच मारून ठेवा. त्याच खाऱ्या हवेनं शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर बारीक खळगे पडतात, खळग्यांनी रबरी सील कापलं जातं आणि तेल झिरपू लागतं. बाहेर धूळ चिकटलेला ओला पट्टा दिसला की निदान पक्कं.

पुढच्या स्ट्रटची गोष्ट वेगळी. स्प्रिंग आत दाबून बसवलेली असते. वरचा मोठा नट कम्प्रेसर न लावता सोडला तर ती माणूस मारू शकते. माझं मत स्पष्ट आहे: स्ट्रट गाडीतून घरी काढा हवं तर, पण स्प्रिंग उतरवायला गॅरेजवाल्याकडे द्या. रबरी पिशवी, वरचं माउंटिंग आणि त्याचं बेअरिंग त्याच वेळी बदला. मोटार-पार्टची दुकानं ऑपेरा हाऊसपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एका बाजूचा शॉकअप गेला तरी दोन्ही बाजूंचे घ्या. एकीकडे नवा, एकीकडे थकलेला असला की ब्रेक मारताना गाडी तिरकी वागते.

नव्या गॅसच्या शॉकअपचा दांडा दाबून धरणारा पट्टा कापला की दांडा आपोआप, सावकाश, वर येतो. आत दाबाखाली नायट्रोजन असतो. तेलाला फेस येऊ नये म्हणून तो घालतात, कारण फेस दबतो आणि दबणारं तेल विरोध करत नाही.

शॉकअपच्या टोकांच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळा. हा बुश फिरत नाही, पिळतो. चाक लोंबतं असताना आवळला तर नेहमीच्या उंचीला तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. स्ट्रट बदलला असेल तर अलाइनमेंट करून घ्या, कारण चाकाचा कोन त्याच्याच बोल्टांवर ठरतो. आणि एवढं करूनही डॉ. आंबेडकर रोडवर वेग घेताच घूं-घूं आवाज आला, तर नव्या शॉकअपना शिव्या देऊ नका. टायरवर हात फिरवून बघा. थकलेल्या शॉकअपवर महिनोन्‌महिने नाचलेलं रबर जागोजाग खोलगट झिजलेलं असतं, आणि ते झिजलेपण नव्या शॉकअपनं भरून येत नाही.