जपानी सूचिचिकित्सा
सूचिचिकित्सा मूळची चीनची खरी. परंतु तिला जपानात जे हळुवार वळण लागले, त्याचे बरेचसे श्रेय सुगियामा वाइची (१६१०–१६९४) या अंध वैद्याकडे जाते. नाडी पाहून व पोट चाचपून स्थान निश्चित करावयाचे, बारीक सुई आखूड नळीत घालून नळी त्वचेवर टेकवावयाची आणि वर किंचित उरलेल्या टोकावर टिचकी मारावयाची, की रुग्णाला फारसे न कळताच सुई आत शिरते. ही युक्ती त्यांना एनोशिमा बेटावर ठेचकाळून पडताना सुचली, ही आख्यायिका ज्याने त्याने श्रद्धेनुसार घ्यावी. शोगुन त्सुनायोशीची मर्जी संपादन केलेल्या या वैद्याने अंधांसाठी पाठशाळा काढल्या, आणि अंगमर्दनाबरोबरच सुईचा हुन्नरही त्यांच्या उपजीविकेचे साधन ठरला. १९४७ च्या कायद्यान्वये या व्यवसायास रीतसर परवाना लागू झाला.