पणाच्या भावातली वजावट

ज्या मराठवाड्याने पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकविला आणि ज्याच्या नांदेड शहरात निजामी अंमलातच उस्मानशाही गिरणी उभी राहिली, त्या प्रदेशाला सट्टा हा शब्द परका नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात उघडणारे आणि बंद होणारे भाव मुंबईस कळत आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. ते भाव येणे थांबले तेव्हा १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी व पुढे रतन खत्री यांनी स्वतंत्र आकडा काढण्याची प्रथा सुरू केली, आणि मटका या नावाने ती गावोगावच्या टपऱ्यांपर्यंत पोहोचली. आज तोच मोह मोबाइलच्या पडद्यावरून गोल्फसारख्या दूरदेशीच्या खेळाचे रूप घेऊन येतो. म्हणून त्याचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

मटक्यात शून्य ते नऊ असे दहाच अंक असतात आणि बरोबर आलेल्या अंकाला रुपयास सामान्यतः नऊ रुपये मिळतात. दहाही अंकांवर एकेक रुपया लावला, तर दहा जाऊन नऊ परत येतात. उरलेला दहावा रुपया ही चालविणाऱ्याची कमाई होय.

गोल्फची मोठी स्पर्धा चार दिवस व ७२ होल चालते. दीडशेच्या आसपास खेळाडू उतरतात आणि दोन दिवसांनंतर त्यांतील निम्म्याच्या आसपास बाद होतात. समजा, दीडशेही खेळाडू तुल्यबळ आहेत आणि बुकी प्रत्येकावर रुपयास एकशेवीस देतो. हा भाव डोळे दिपविणारा वाटतो खरा. परंतु सर्वांवर एकेक रुपया लावणाऱ्याचे दीडशे जाऊन एकशेवीसच परत येतात, म्हणजे मटक्याच्या दुप्पट प्रमाणात वजावट होते. खेळाडू जितके अधिक, तितकी ही वजावट अधिक भावांत विखुरते आणि नजरेआड राहते. प्रत्यक्षात खेळाडू तुल्यबळ नसतात हे खरे; पण पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फच्या स्पर्धामालिकेत ८२ विजय मिळविणाऱ्या टायगर वुड्ससारख्या असामान्य खेळाडूलाही खेळलेल्या स्पर्धांपैकी चौथा हिस्सासुद्धा जिंकता आला नाही. सकाळी शांत असलेला वारा दुपारी उठला, तर उत्तम खेळाडूचाही डाव बिघडतो.

विजेत्याऐवजी पहिल्या पाचांत येणाऱ्यावर पैसे लावणे सुरक्षित भासते. तथापि पाचव्या स्थानी दोघांची बरोबरी झाली, तर पणाची निम्मीच रक्कम विजयी धरतात आणि उरलेली निम्मी बुडते. हा नियम नवख्याला बहुधा पैसे हाती पडतानाच कळतो.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मटक्यावरील छाप्यांचे गुन्हे १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली नोंदविले जातात. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, पुरविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठरविला आहे.

लातूरच्या बाजारात सोयाबीन विकणारा शेतकरी हाती आलेल्या पट्टीवरील हमाली आणि तोलाई ओळ न् ओळ तपासून पाहतो, कारण प्रत्येक वजावट त्याच्या घामातून जाते. पणाच्या भावातील वजावट मात्र कोणत्याही पट्टीवर लिहिलेली नसते. ती ज्याची त्यानेच, पैसा खिशातून काढण्यापूर्वी, मांडून पाहावी.